रूट केलेला फोन: सिस्टम ॲप आणि परवानग्या नेमक्या कुठे आवळायच्या?

कुंभारीकर, रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई वसाहतीत राहतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे. मोबाइलचं शिक्षण नाही, जे येतं ते रात्री जागून शिकलेलं. प्रश्न आईच्या फोनचा आहे. सगळं सविस्तर लिहितो, म्हणजे माझं कुठं चुकलं ते तुम्हाला सांगता येईल.

आई विड्या वळते. चाळीस वर्षं पान आणि तंबाखू हाताळून तिच्या बोटांचे ठसे इतके झिजलेत की फोनचा सेन्सर ओळखतच नाही. मी तिच्या अंगठ्याची नोंदणी सहा वेळा करून पाहिली. शेवटी ती लॉक न लावता नुसतं बोट सरकवून फोन उघडते. त्या स्क्रीनवर कंपनीनं फोनसोबतच घातलेलं, रोज चित्र बदलणारं ॲप आहे. आज डोंगर, उद्या समुद्र, आणि मध्येच जाहिरात. बोट जरा तिरकं सरकलं की जाहिरात उघडते, गेम डाउनलोड व्हायला लागतो. दीड जीबीचा रोजचा पॅक दुपारी दोनलाच संपलेला मी स्वतः पाहिलाय. तिला त्या पॅकवर संध्याकाळी भजनं ऐकायची असतात आणि हैदराबादच्या मावशीला व्हिडिओ कॉल करायचा असतो. त्या वेळेला नेट नसतं.

फोन जुना आहे. ३ जीबी रॅम, ३२ जीबी जागा, अँड्रॉइड १०, कंपनीचे अपडेट कधीच बंद झालेले. ते ॲप सेटिंगमधून बंद करायला गेलो तर 'बंद करा' हे बटणच फिकट, दाबता येत नाही. 'सिस्टम ॲप दाखवा' केल्यावर यादी दोनशेच्या पुढे गेली. गेम सेंटर, दोन ब्राउझर, थीम स्टोअर, 'क्लीनर', बातम्या, आणि अशी कितीतरी नावं की ज्यांचा अर्थही लागत नाही. आईनं यातलं एकही मागितलेलं नाही.

म्हणून बूटलोडर (फोन सुरू करणारं, कंपनीनं कुलूप लावलेलं सॉफ्टवेअर) अनलॉक केला, फोन सुरू होताना लागणारी 'बूट इमेज' ही फाइल पॅच करून मॅजिस्क हे साधन टाकलं, रूट म्हणजे फोनचे सर्वाधिकार मिळाले. मग एका अनइन्स्टॉलर ॲपनं एका बसणीत तीसेक सिस्टम ॲप उडवली. त्यात कंपनीचं 'फोन शोधा' आणि 'सुरक्षा' अशी दोन होती. रीस्टार्ट केल्यावर फोन लोगोवर अडकला. लोगो, काळी स्क्रीन, लोगो. रात्री दीडपर्यंत तेच. शेवटी रिकव्हरीतून सगळा डेटा पुसला तेव्हा फोन उठला आणि सगळी ॲप परत जशीच्या तशी हजर! गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वजांचे फोटो मेमरी कार्डावर होते म्हणून वाचले. आईनं स्वतः एकेक अक्षर शोधून साठवलेले नंबर फोनमध्ये होते, ते गेले.

आता तीन प्रश्न. ॲप काढायचं, गोठवायचं की लपवायचं? परवानगी नाकारली की जे ॲप चालायचंच थांबतं त्याचं काय करायचं? आणि इंटरनेटची परवानगी बंद करायचं बटण अँड्रॉइडमध्ये का नाही?

जुळे_सोलापूर, रात्री ११.०५

सेम झालंय दादा माझं. हॉस्टेलवर एप्रिलात फोन इतका तापायचा की चार्जिंगच थांबायचं. रूट करून मी गूगलचं सगळं काढून टाकलं, प्ले सर्व्हिसेससकट. फोन लई हलका झाला. तुम्ही पण तेच करा, सगळंच काढा.

जकार्ड_कार्ड, सोमवार, सकाळी ७.१५

कुंभारीकर, तुमच्या आईच्या नंबरांचं वाचून वाईट वाटलं. ते आधी परत मिळवा. सिमकार्डात काही असतील, शिवाय गूगल खातं जोडलेलं असेल तर कॉन्टॅक्टच्या वेबसाइटवर जाऊन बघा. तिथे मागच्या ३० दिवसांपर्यंतची यादी पूर्ववत करायची सोय आहे.

आता मूळ मुद्दा. मी यंत्रमागाची दुरुस्ती करतो, फोनची दुरुस्ती फावल्या वेळात. माग थांबवायचा असेल तर आपण पट्टा उतरवतो, बीमवरचा ताणा कापत नाही. ताणा कापला तर परत जोडायला दिवस जातो. सिस्टम ॲपचं तसंच धरा. आधी पट्टा उतरवा.

फोनसोबत आलेली ॲप सिस्टमच्या वेगळ्या विभागात असतात आणि तो विभाग फक्त वाचण्यापुरता उघडा असतो. तुम्ही वापरता ती जागा डेटा विभागाची. त्यामुळे सिस्टम ॲप मुळापासून खणून काढलं तरी तुमच्या ३२ जीबीत एक फोटो मावेल एवढीसुद्धा भर पडत नाही. जागा मिळते ती त्या ॲपचे अपडेट काढल्यावर, कारण अपडेट डेटा विभागात उतरतात. जागेसाठी म्हणून सिस्टम विभागाला हात लावण्यात काही मिळकत नाही. बूटच्या, म्हणजे फोन सुरू होण्याच्या वेळी त्या विभागाची पडताळणी होते, तिथे एक बाइट बदलली तरी फोन नकार देऊ शकतो. मॅजिस्क २०१६ मध्ये आलं ते याच कारणानं उचललं गेलं. ते सिस्टमला हात न लावता बूट इमेजमधून शिरतं आणि वरून थर चढवल्यासारखं काम करतं.

आता पायऱ्या. पहिली म्हणजे गोठवणं. शेलमध्ये, म्हणजे फोनला कमांड टाइप करून द्यायच्या खिडकीत, 'पीएम डिसेबल-यूजर', पुढे 'यूजर ०' आणि पॅकेजचं, म्हणजे ॲपचं आतलं, नाव. ॲप जागच्या जागी राहतं, पण चालत नाही, दिसत नाही, पाठीमागे उठत नाही. परत हवं असेल तर 'पीएम एनेबल'. दुसरी पायरी 'पीएम अनइन्स्टॉल', 'यूजर ०' सकट. याला लोक डिलीट म्हणतात, पण ते फक्त त्या वापरकर्त्यापुरतं काढणं आहे, मूळ फाइल सिस्टममध्ये शाबूत असते. म्हणूनच तुम्ही डेटा पुसल्यावर सगळी परत आली. फोन चालू असेल तर पुसायचीही गरज नाही, 'सीएमडी पॅकेज इन्स्टॉल-एक्झिस्टिंग' आणि पॅकेजचं नाव दिलं की ते ॲप माघारी येतं. तिसरी पायरी मॅजिस्कच्या मॉड्यूलनं त्या ॲपचं फोल्डर रिकामं दाखवणं. मॉड्यूल काढलं की पूर्ववत.

या तिन्हीतली पहिली पुरते. काही कंपन्यांच्या फोनवर पहिली कमांड 'संरक्षित पॅकेज' म्हणून नाकारली जाते, तेव्हाच दुसरीकडे जा.

तुमची चूक ॲप काढण्यात नव्हती, तीस एकदम काढण्यात होती. एका वेळी दोन काढा, फोन रीस्टार्ट करा, दोन दिवस वापरा. वहीत पॅकेजचं पूर्ण नाव आणि तारीख लिहा. ती वही फोनमध्ये ठेवू नका, कागदाचीच हवी. फोन लोगोवर अडकला की फोनमधली नोंद काय कामाची?

जकार्ड_कार्ड, सकाळी ७.४०

राहिलं. यांना हात लावायचा नाही: सिस्टम यूआय, सेटिंग्ज आणि सेटिंग्ज प्रोव्हायडर, टेलिफोनी प्रोव्हायडर, पॅकेज इन्स्टॉलर, परमिशन कंट्रोलर, वेबव्ह्यू. कॉन्टॅक्ट्स नावाचं दिसणारं ॲप गोठवून दुसरं वापरता येतं, पण कॉन्टॅक्ट्स स्टोरेज वेगळं असतं आणि नंबर त्यात राहतात. कीबोर्डचंही सांगतो. दुसरा कीबोर्ड टाकून, चालू करून, एकदा फोन रीस्टार्ट करून बघितल्याशिवाय मूळ कीबोर्ड गोठवू नका. शब्दांचा पासवर्ड असेल तर टाइप करायलाच काही उरत नाही. हे माझ्याकडे आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या फोनवर बघितलंय.

कंपनीची 'सुरक्षा' आणि 'फोन शोधा' ही ॲप काही फोनमध्ये बूटच्या साखळीत ओवलेली असतात. फोन उठताना त्यांना शोधतो, सापडली नाहीत की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. तुम्हाला दिसलं ते हेच.

@जुळे_सोलापूर, तुमच्या फोनवर प्ले सर्व्हिसेस काढून भागत असेल तर उत्तम. पण आईंच्या फोनवर नको. कित्येक ॲपची सूचना त्याच वाटेनं येते. मावशीचा व्हिडिओ कॉल कदाचित वाजणारच नाही.

बाळीवेस, दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी एका सहकारी बँकेत संगणक विभागात काम करते, तेव्हा हे कळकळीनं सांगते.

कुंभारीकर भाऊ, आईंच्या त्या फोनवर यूपीआय आहे का? असेल तर आधी ते ठरवा. बूटलोडर अनलॉक असलेला फोन गूगलच्या प्ले इंटेग्रिटी तपासणीत (फोनशी छेडछाड झालीय का ते ती बघते) साधारणपणे 'डिव्हाइस' पातळीला नापास होतो आणि बँकांची बरीच ॲप तिथेच दार लावतात. याच कामाला आधी सेफ्टीनेट होतं, आता ते बंद झालंय. आता मंडळी मॅजिस्कमध्ये मॉड्यूल टाकून रूट लपवतात. आज चालतं, पुढच्या महिन्यात चालत नाही, मग नवं मॉड्यूल. नवं मॉड्यूल कुणी लिहिलंय ते आपल्याला ठाऊक नसतं आणि त्याला फोनचे सर्वाधिकार असतात. जाहिरातीच्या ॲपला संपर्कयादी द्यायची नाही म्हणून रूट केलं आणि अनोळखी माणसाच्या मॉड्यूलला सगळा फोन दिला, तर आपण कमावलं काय?

पैशांचा फोन आणि प्रयोगाचा फोन वेगळा ठेवा. दुसरा फोन घेणं शक्य नसेल तर रूटच करू नका. तुमचं नव्वद टक्के काम रूटशिवाय होतं.

जुळे_सोलापूर, दुपारी १.३२

ताई, रूटशिवाय सिस्टम ॲप कसं बंद होईल? बटण फिकट आहे म्हणतायत ना ते.

बाळीवेस, दुपारी १.५०

एडीबी, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन. जकार्ड_कार्ड यांनी वर दिलेल्या पहिल्या दोन्ही कमांड कॉम्प्युटरला केबल लावून, यूएसबी डीबगिंग चालू करून रूटशिवाय चालतात. एडीबीच्या शेलला फोनमध्ये स्वतःचा वेगळा वापरकर्ता असतो. त्याचे हक्क तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त, रूटपेक्षा कमी. ॲप गोठवायला ते पुरतात. काम झालं की डीबगिंग बंद करायचं, एवढं पाळा.

अँड्रॉइड ११ पासून वायफायवरचं डीबगिंग आहे, म्हणून शिझुकू नावाचं ॲप फोनमधल्या फोनमध्येच शेलचे हक्क चालू करतं, कॉम्प्युटर लागत नाही. रीस्टार्टनंतर ते परत सुरू करावं लागतं. आईंचा फोन अँड्रॉइड १० आहे, त्यामुळे तिथे सुरुवात केबलनंच करावी लागेल.

कुंभारीकर, रात्री ९.३०

बाळीवेस ताई, आईच्या फोनवर यूपीआय नाही. तिच्या खात्याचा नंबर माझ्या भावाच्या फोनला जोडलेला आहे, आणि तो फोन कुणी रूट केलेला नाही. तेव्हा या फोनवर रूट राहू देतो, पण तुमचं म्हणणं पटलं. भावाच्या फोनला यापुढे फक्त केबलनंच हात लावीन.

नंबर मिळाले! सगळे नाही, एकसष्ट. गूगल खात्यात होते. आईनं यादी वाचून दाखवायला लावली, एकेका नावाला मान हलवली.

चित्राचं ॲप आज गोठवलं. फक्त तेवढंच एक. वहीत लिहिलं. फोन उठला. लॉक स्क्रीनवर आता नुसतं घड्याळ आहे.

आता परवानग्यांचं सांगा. आई तेलुगू पंचांगाचं एक ॲप रोज सकाळी बघते. ते संपर्कयादी मागतं, नाही म्हटलं की 'परवानगी आवश्यक' म्हणून बंद होतं. पंचांगाला संपर्क कशाला हवेत?

जकार्ड_कार्ड, मंगळवार, सकाळी ६.५०

नकोच आहेत. पण ती मागतात, कारण बहुतेक लोक 'हो' दाबतात.

याचा इतिहास थोडा माहीत असू द्या, त्यानं पुढचं सोपं होतं. अँड्रॉइडमध्ये परवानग्या पूर्वी ॲप टाकतानाच एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१३ मध्ये ४.३ आवृत्तीत ॲपऑप्स नावाची एक लपवलेली खिडकी लोकांना सापडली. त्यात एकेका ॲपची एकेक गोष्ट बंद करता येत होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ४.४.२ मध्ये गूगलनं ती खिडकी काढून घेतली. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये 'आता विचारीन, तेव्हा हो किंवा नाही म्हण' ही पद्धत आली. १० मध्ये लोकेशनला 'फक्त वापरताना' हा पर्याय आला, ११ मध्ये 'फक्त या वेळी', १२ मध्ये माइक-कॅमेरा चालू असल्याची हिरवी खूण. म्हणजे खिडकी गेली, पण आतलं यंत्र कधीच गेलं नाही. ॲपऑप्स आजही प्रत्येक अँड्रॉइडमध्ये आहे, फक्त शेलमधून हात घालावा लागतो.

तुमच्या पंचांगाचं उत्तर तिथे आहे. 'नाही' दोन तऱ्हेचं असतं. 'डिनाय' केलं की ॲपला तोंडावर नकार मिळतो. त्याला कळतं, मग ते रुसतं. 'इग्नोर' केलं की ॲपला वाटतं परवानगी आहे, पण आत गेल्यावर हाती काही लागत नाही. संपर्क मागितले तर रिकामी यादी. लोकेशन मागितलं तर काहीच येत नाही. दार उघडं, पण घर रिकामं.

करायचं असं: सेटिंगमध्ये पंचांगाला संपर्काची परवानगी द्या, पण त्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा. लगेच शेलमध्ये 'ॲपऑप्स सेट', पॅकेजचं नाव, 'रीड अंडरस्कोर कॉन्टॅक्ट्स', आणि शेवटी 'इग्नोर'. ॲप पूर्ण बंद करा, मग नेट चालू करा. एअरप्लेन मोड का, तर परवानगी दिली आणि इग्नोर लावलं यामधल्या दहा सेकंदांत यादी निघून जाऊ नये म्हणून.

हात दुखेल इतकं टाइप करायचं नसेल तर ॲप मॅनेजर नावाचं मुक्तस्रोत ॲप एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत ॲपच्या दुकानात आहे. रूट असेल तर थेट, नसेल तर एडीबीच्या हक्कांनी चालतं. प्रत्येक ॲपचे ऑप्स त्यात यादीसारखे दिसतात, बोटानं बदलता येतात. शिवाय त्या ॲपच्या आत कुठल्या जाहिरात कंपन्यांचे ट्रॅकर शिवलेत तेही ते दाखवतं, आणि रूट असल्यास ॲप चालू ठेवून नुसता तो ट्रॅकरचा तुकडा बंद करता येतो. मला स्वतःला रूटचा सर्वांत मोठा उपयोग हाच वाटतो. अख्खं ॲप काढण्यापेक्षा त्यातला नको तो भाग थांबवायचा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ॲप अपडेट झालं की ऑप्स परत तपासा, माझ्या फोनवर ते काही वेळा मूळपदावर गेलेत. आणि काही ॲपना 'रन इन बॅकग्राउंड' हे एकच इग्नोर लावलं तरी बॅटरीत फरक दिसतो, संपर्कबिंपर्काला हात लावायचीही गरज पडत नाही. क्लिपबोर्ड वाचण्याचाही ऑप आहे. अँड्रॉइड १० पासून पाठीमागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही, पण समोर उघडलेल्याला येतो.

होटगी_रोड, मंगळवार, रात्री ८.१०

मी या तांत्रिक बाजूत पडत नाही, पण संपर्कयादीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या गल्लीतल्या एका मुलानं एका कर्जाच्या ॲपवरून आठ हजार उचलले. ॲपनं संपर्क आणि फोटो मागितले, त्यानं दिले. हप्ता चार दिवस चुकला. त्याच्या मामाला, शाळेच्या सरांना, लग्न ठरत आलेल्या घरच्या लोकांना फोन गेले, घाणेरड्या भाषेत. पोरगा दोन महिने घराबाहेर पडला नाही.

रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ ला डिजिटल कर्जाचे नियम काढले. त्यात स्पष्ट आहे की कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या फाइल, संपर्क, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. केवायसीपुरता कॅमेरा, माइक, लोकेशन एकदा, तेही विचारून. प्ले स्टोअरवरही २०२३ पासून कर्जाच्या ॲपना संपर्क आणि फोटो मागायला मनाई आहे. म्हणजे जे ॲप मागतंय ते तिथेच उघडं पडतं. त्याला 'इग्नोर' लावून कर्ज घेऊ नका, ते ॲपच काढा. आणि त्रास सुरू झाला असेल तर १९३० वर फोन करा, ती सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

बाळीवेस, रात्री ८.४५

होटगी रोड काका, बरोबर. यात अजून एक जोडते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके, म्हणजे ॲप टाकायच्या, फाइल येतात. पत्रिका एपीके नसते, पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ती एपीके टाकली की पहिल्यांदा एसएमएसची परवानगी मागते, ओटीपी उचलायला. काही ॲक्सेसिबिलिटी मागतात, तो हक्क मिळाला की स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीनं बटणंही दाबता येतात. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला हा हक्क सहजी मिळत नाही, सेटिंगमध्ये अडतो. जुन्या फोनवर तो अडसर नाही. आईंच्या फोनवर 'अनोळखी ॲप टाकण्याची' परवानगी व्हॉट्सॲपला आहे का, आजच बघा. ती बंद असली पाहिजे.

यूपीआय ॲपना एसएमएस लागतो तो नोंदणीच्या वेळी, सिम ओळखायला फोनवरून एक मेसेज जातो म्हणून. नोंदणी झाल्यावर ती परवानगी काढून बघा. माझ्या फोनवर व्यवहार नीट चालतात.

कुंभारीकर, बुधवार, रात्री १०.१५

ताई, बघितलं. चालू होती. बंद केली. कधी चालू झाली कुणालाच सांगता येईना.

पंचांगाला इग्नोर लावलं. उघडलं, तिथी दाखवली, राहुकाल दाखवला, कुरकुर नाही. त्यातच 'मित्रांना पाठवा' असं बटण आहे, ते दाबलं तर यादी पांढरी, एकही नाव नाही. आईनं विचारलं, माझी माणसं कुठं गेली? मी म्हटलं, तुझी माणसं तुझ्याकडं आहेत, याच्याकडं नाहीत. मग फोन ॲप उघडून दाखवलं तेव्हा तिची खात्री पटली.

आता तिसरा प्रश्न राहिला, इंटरनेट.

जकार्ड_कार्ड, गुरुवार, सकाळी ७.००

इंटरनेट ही अँड्रॉइडच्या लेखी 'साधी' परवानगी आहे, ॲप टाकलं की आपोआप मिळते, विचारत नाहीत. नेहमीच्या अँड्रॉइडमध्ये ती काढून घ्यायचं बटण नाही. ग्राफीनओएस या अँड्रॉइडच्या वेगळ्या अवतारात आहे, पण ते पिक्सेल फोनवरच चालतं. कारण सांगायचं तर एवढंच म्हणेन की नेट तोडलं की जाहिरात तुटते.

रूट असेल तर एएफवॉल प्लस हे ॲप. लिनक्समध्ये आयपीटेबल्स नावाचं जे मूळचं नाकं आहे, त्यालाच ते नियम लावतं. प्रत्येक ॲपला फोनमध्ये स्वतःचा एक क्रमांक असतो, १०,००० पासून पुढे, यूआयडी म्हणतात त्याला. एएफवॉल त्या क्रमांकावर नाकाबंदी करतं. वायफायला वेगळी, मोबाइल डेटाला वेगळी. तुम्हाला हवं ते हेच: गॅलरी, कॅल्क्युलेटर, फाइल मॅनेजर, कीबोर्ड, यांना नेटचं काय काम? सगळ्यांचं तोडा. कीबोर्डचं आधी तोडा, कारण आपण टाइप करतो ते सगळं त्याच्या हातून जातं.

यात फसगत होते ती दोन ठिकाणी. काही सिस्टम ॲप एकच क्रमांक वाटून घेतात. १००० हा सिस्टमचा क्रमांक, त्यावर एकाच वेळी कितीतरी ॲप. एकाचं तोडायला गेलात तर सगळ्यांचं तुटतं, मग वेळ जुळत नाही, अपडेट येत नाही असले प्रकार. आणि नव्या अँड्रॉइडवर नावावरून पत्ता शोधायचं काम, म्हणजे डीएनएस, रूटच्याच क्रमांकावरून जातं. 'निवडलेल्यांनाच परवानगी' या पद्धतीत रूटला सोडलं नाही तर नेट चालू दिसतं पण एकही पान उघडत नाही. लोक तासन्‌तास राउटर बंद-चालू करत बसतात. सुरुवातीला 'निवडलेल्यांना मनाई' हीच पद्धत घ्या. बूट होताना नियम लागण्याआधी डेटा निसटू नये म्हणून त्यात एक पर्याय आहे, तोही चालू करा.

रूट नसलेल्यांसाठी नेटगार्ड हे ॲप. ते फोनमध्येच व्हीपीएनचं सोंग घेऊन तेच काम करतं. अडचण एवढीच की अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालू देतं. भावाच्या फोनवर ऑफिसचं व्हीपीएन नसेल तर बिनधास्त लावा.

जुळे_सोलापूर, गुरुवार, दुपारी ३.३०

मी वर 'सगळंच काढा' लिहिलं होतं ते मागे घेतो. प्ले सर्व्हिसेस परत आणलं, इन्स्टॉल-एक्झिस्टिंगनं. कॉलेजच्या ॲपच्या सूचना मला चार महिने येतच नव्हत्या, मला वाटायचं ॲपच बिघडलंय. परीक्षा फॉर्मची तारीख मी मित्रांना विचारून भरत होतो.

फोन तापायचं कारण पण सापडलं. एका गेमचं 'रन इन बॅकग्राउंड' इग्नोर केलं, आणि एक व्हिडिओ ॲप. बस. इथं उन्हाळ्यात दुपारी बाहेर चाळीसच्या वर असतं, तेव्हा फोन गरम राहणारच, पण आता चार्जिंग थांबत नाही.

मॅजिस्क मॉड्यूलमुळे फोन अडकला तर काय करायचं ते कुणी सांगेल का? मला एकदा अडकायची वेळ येणार हे दिसतंय.

जकार्ड_कार्ड, गुरुवार, रात्री ९.००

फोन सुरू होताना आवाज कमी करायचं बटण दाबून सेफ मोडमध्ये घ्या. मॅजिस्कला सेफ मोड कळतो आणि ते सगळी मॉड्यूल बंद करतं. मग नेहमीसारखं रीस्टार्ट करा आणि नकोसं मॉड्यूल काढा. यूएसबी डीबगिंग आधीपासून चालू असेल आणि तो कॉम्प्युटर मंजूर केलेला असेल, तर केबल लावून 'एडीबी वेट-फॉर-डिव्हाइस शेल मॅजिस्क', पुढे 'रिमूव्ह-मॉड्यूल्स', असंही होतं. मात्र गोठवलेली ॲप यातून परत येत नाहीत. त्यासाठी वही.

होटगी_रोड, शुक्रवार, सकाळी ९.२०

एक विचारायचं होतं. माझा सॅमसंग आहे, अजून वॉरंटीत आहे. हे सगळं वाचून रूट करावं का?

बाळीवेस, शुक्रवार, सकाळी ९.४०

काका, नका करू. बूटलोडर अनलॉक केल्यावर फोन पूर्ण पुसला जातो, हे सगळ्याच फोनला लागू आहे. सॅमसंगमध्ये त्याशिवाय नॉक्स या त्यांच्या सुरक्षा यंत्रणेचा एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज आहे. बदललेलं सॉफ्टवेअर चढवलं की तो उडतो आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी जुळत नाही. सिक्युअर फोल्डर, सॅमसंगचं पैसे भरायचं ॲप, सगळं त्या फोनवर कायमचं बंद. तुम्हाला काय काढायचंय ते इथे लिहा, रविवारी केबलनं काढू. मी पार्क चौकातच राहते.

कुंभारीकर, शनिवार, रात्री ११.००

आठवडा झाला. वहीत आज चौदा नावं आहेत, तारखेसकट. त्यातली दोन परत चालू केली. एक कॉलची वेळ आणि नाव दाखवणारं होतं, ते गोठवल्यावर मिस्ड कॉलच दिसेनात. दुसरं फाइल दाखवणारं, त्याच्याशिवाय व्हॉट्सॲपवर फोटो जोडताच येईना. बाकी बारा गोठलेलीच आहेत आणि त्यांची कुणाला आठवण झालेली नाही.

कीबोर्ड, गॅलरी, थीम, फाइल मॅनेजर यांचं नेट एएफवॉलनं तोडलं. रात्री पॅकमध्ये ९०० एमबी उरले. आज आईनं मावशीशी चाळीस मिनिटं व्हिडिओवर बोलून घेतलं, सूप मांडीवर, एका हातानं पानं कापत, फोन डब्याला टेकवून.

बोटांच्या ठशाचं मात्र जमलं नाही. लॉक लावायचा तर आकडेच टाकावे लागतील. तिला चार आकडे लक्षात राहतील असे कोणते, ते तीच ठरवते म्हणाली.

जकार्ड_कार्ड, शनिवार, रात्री ११.१५

करंगळीचा ठसा नोंदवून बघा. वळताना अंगठा आणि पहिली दोन बोटं घासतात, करंगळी तितकी झिजत नाही. नोंदणी करताना बोट किंचित ओलसर ठेवा.

कुंभारीकर, रविवार, सकाळी ८.०५

डाव्या हाताची करंगळी. पहिल्या झटक्यात उघडला.